माझ्या नकाशातला पांढरा चौकोन

…आणि वर मलाच विचारतात, "तुझं तोंड का असं आंबलंय रे?" आंबणार नाही तर काय होईल? दोन वर्षं, तुम्हाला सांगतो, दोन वर्षं घसा फोडून सांगतोय की बाबा, ते ॲप काढा फोनमधून, माझं टाका. ऐकतो का माणूस? माझं ऐकत नाहीत, आईचं ऐकत नाहीत, डॉक्टरचं तर मुळीच नाही, पण त्या फोनमधली बाई नुसती "दोनशे मीटरवर डावीकडे वळा" म्हणाली की हे वळलेच! पुढे खड्डा असो, कुणाचं अंगण असो, कुणी वाळत घातलेली चादर असो… बाई म्हणाली ना? मग वळायचं!

आणि का ऐकतात, माहितीये? ती बाई परकी नाही. ती दादाच्या कंपनीची आहे.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, मोठ्या काकांचा मुलगा. त्याला घरात नावानं कुणी हाकच मारत नाही. "आपला हुशार" म्हणतात. आपला हुशार आला का, आपला हुशार जेवला का, आपल्या हुशारला जरा पंखा लावा… म्हणजे बघा, घरात हुशार एकच, जागा भरलेली आहे, बाकीच्यांनी अर्ज करू नये. तो शिकला, पहिला आला, आणि त्या मोठ्या कंपनीत लागला, जिचा नकाशा अख्ख्या जगाच्या खिशात असतो. मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. का सोडलं ते विचारू नका, सगळ्यांचं विचारून झालंय. आत्या तर अजून फोनवर 'हॅलो'च्या ऐवजी तेच विचारते. सोडलं, कारण तिथे मला वर्गात बसून बसून भिंती जवळ येतायत असं वाटायचं. संपलं. आता बाबांच्या टेम्पोवर बसतो. बाबा काचवाले आहेत. खिडकीच्या काचा, आरसे, जिन्याच्या काचा दुकानात कापायच्या, टेम्पोत तिरकी लाकडी घोडी ठोकलीये तिला टेकवून बांधायच्या, नेऊन बसवायच्या. मी बांधतो, धरतो, उतरवतो आणि बोलणी खातो.

मी जळतो असं समजू नका हं. आधीच सांगून ठेवतो.

एकदा मी त्यालाच विचारलं, "दादा, तू त्या कंपनीत नक्की करतोस काय?" तर म्हणाला, "ॲपमध्ये खाली ते 'सुरू करा'चं बटण आहे ना, मी त्याच्या टीममध्ये आहे, चौदा जणांच्या." बटण! चौदा माणसं, एक बटण! आणि काकू जिन्यात भेटेल त्याला सांगते, "अहो, सगळा नकाशा आमचाच चालवतो." मी म्हटलं, काकू, तो बटण चालवतो. तर म्हणाली, "तू काय चालवतोस रे?"

…मी टेम्पोही चालवत नाही. तोही बाबाच चालवतात.

बरं, मुद्दा असा. काच नेणाऱ्या माणसाला नकाशातून काय लागतं? लवकर पोचणं? हट्! त्याला काच अखंड पोचवायचीये. त्याला हवेत स्पीडब्रेकर. कुठे आहेत, किती आहेत, उंटाच्या पाठीसारखे आहेत की नुसते नावाला आहेत. कुठे कमान बुटकी आहे, कुठे वायर लोंबतेय. दादाच्या ॲपला ह्यातलं काय माहितीये? त्याला चपलांचं दुकान माहितीये. रविवारी किती वाजेपर्यंत उघडं ते माहितीये. तुम्ही परवा तिथे अकरा मिनिटं उभे होतात हेही माहितीये, आणि त्यावरून आता ते तुम्हाला सहा महिने चपला दाखवणार. पण चपलांच्या दुकानासमोरचा स्पीडब्रेकर? छे!

आणि माझं ॲप? ओपन सोर्स. उघडं! नकाशा उघडा, आतलं यंत्र उघडं, कुणीही बघा, कुणीही सुधारा. लोकच गल्ल्या काढतात, लोकच दुरुस्त करतात. तुम्ही कुठे गेलात ते कुणाला कळत नाही, नेटवर्क मेलं तरी चालतं. हे सगळं मी एकदा मोठ्या काकांना समजावून सांगितलं, पाऊण तास. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मालक कोण?" मी म्हटलं, मालक कुणी नाही काका, नकाशा सगळ्यांचा आहे. तर म्हणतात, "मग बिघडलं की ओरडायचं कुणावर?" ह्या माणसाच्या आयुष्याचा प्रश्नच हा आहे, ओरडायचं कुणावर! बाबा म्हणाले, "फुकटचं आहे, दर्जा काय असणार?" मी म्हटलं, अहो, तेही फुकटच आहे! "ते कंपनीचं आहे." आता बोला. ह्यावर बोला!

मी कामाला लागलो. दोन वर्षांत, तुम्हाला सांगतो, अख्खं शहर काढलं मी त्या नकाशात, चालत, टेम्पोतून, कधी टेप घेऊन. तीनशे बारा स्पीडब्रेकर! बुटकी कमान मोजली तेव्हा वरून कुणीतरी बादलीभर पाणी टाकलं, तरी मोजली. दवाखान्याबाहेरचा नळ टाकला. बागेतला फळी तुटलेला बाक टाकला, 'एक फळी नाही' असं लिहून टाकला. आमचं काचेचं दुकान टाकलं. आणि त्या नकाशावाल्यांत एक पद्धत आहे, आपल्या भागात कुणी नवा माणूस काही काढायला लागला की जुन्या माणसानं त्याला स्वागताचा निरोप पाठवायचा. इथला जुना माणूस मी. निरोप मीच लिहिलाय: 'स्वागत! नकाशा सगळ्यांचा आहे, आणि आजपासून तुमचाही. तुमच्यासारख्या माणसांमुळेच तो पूर्ण होतो.' चांगलाय ना? दोन वर्षांत सात जणांना पाठवला. एका दाताच्या डॉक्टरनं स्वतःचा दवाखाना टाकला आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही, पण पाठवला.

आणि हे सगळं कशासाठी? जगासाठी? जग गेलं खड्ड्यात. मला एकच हवं होतं. बाबांनी टेम्पो चालवता चालवता एकदा, एकदाच म्हणावं, "तुझं लाव." दोन शब्द. बस्स.

मी जळत नाही हो. मला दोन शब्द हवेत.

तर झालं असं की दादानं नवं घर घेतलं. गावाबाहेर टेकाडाच्या पायथ्याशी नवी वसाहत झालीये, सगळी घरं सारखी, सगळ्या गल्ल्या सारख्या, भोवती भिंत. त्याच्या जिन्याला काच हवी. सहा फूट बाय साडेतीन, जाड. आणि बाबा? तीन दिवस! तीन दिवस त्या एका काचेच्या कडा घासत होते! दुकानात गिऱ्हाईक उभं, हे मान वर करत नाहीत. "आपल्या हुशारची आहे." मी सातवीत सायकलला आरसा मागितला होता. अजून यायचाय.

सगळे ते घर बघून आले होते, मी सोडून. बाबांनाही दादाच्या गाडीतून नेलं होतं, जाताना झोपले, येताना झोपले, त्यामुळे रस्ता विचाराल तर म्हणतील, "गाडी फार मऊ आहे."

मंगळवारी सकाळी निघालो. काच मागे, मी काचेजवळ, बाबा पुढे, मधली खिडकी उघडी. त्यांच्या फोनवर बाई. मी मागून ओरडतोय, "बाबा, डावीकडून घ्या, तिकडून एकही स्पीडब्रेकर नाही!"

"बाई सरळ म्हणतेय."

"बाईला मागे काच आहे हे माहीत नाहीये!"

"बाईला सगळं माहितीये."

ठक्! काच थरारली. मी दोन्ही हातांनी मिठी मारली. ठक्! बाबांचा एक हात छातीवर. अकरा, अहो अकरा स्पीडब्रेकर घेतले आम्ही, प्रत्येकाचा जन्म माझ्या हातून झालेला, एकेकाला मी नावानं ओळखतो, आणि प्रत्येकाच्या आधी मी ओरडतोय "आला!" आणि बाबा म्हणतायत, "दिसतंय मला!" आणि दिसत काही नाहीये, ते फोनकडे बघतायत!

आणि मग बाई म्हणाली, गोड आवाजात, "आपण आपल्या ठिकाणी पोहोचला आहात."

समोर भिंत.

म्हणजे भिंतच हो! पाच फुटी, सलग, ना दार ना फट. आणि भिंतीपलीकडे, दहा पावलांवर, घर. आणि घराच्या गच्चीत, हातात कप घेऊन, आपला हुशार!

"काका! इकडे कुठे आलात? पुढच्या गेटनं यायचं!"

बाबा म्हणाले, "तुझ्या बाईनं आणलं रे."

"हो हो, ती इकडेच आणते सगळ्यांना. मी तक्रार टाकलीये. आठ महिने झाले."

"कुणाकडे?"

"आमच्याच कंपनीकडे."

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की अकराच्या अकरा ठोके वसूल! मी तोंड फिरवून घेतलं, नाहीतर दात दिसले असते. बाबांनी विचारलं, "मग पुढचं गेट कुठून?" दादानं कप हवेत फिरवला. "असं… मागे जाऊन… मग एक गोल चौक आहे… तीन आहेत बहुतेक गोल… काका, खरं सांगू का, ऑफिसची गाडी सोडते हो मला, मी फोनमध्ये असतो."

बाबांनी इंजिन बंद केलं. फोनकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. तीन दिवस घासलेल्या काचेकडे पाहिलं. आणि मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, मला वाटतं लाजच वाटली असावी त्यांना, म्हणाले…

"तुझं लाव."

…

थांबा, मला जरा श्वास घेऊ द्या.

दोन वर्षं! तीनशे बारा स्पीडब्रेकर! ती बादली! मी खिशातून फोन काढला, ॲप उघडलं, नकाशा आला. केवढा देखणा! सगळे रस्ते, झाडं, तो ओढा, ओढ्यावरचा लोखंडी पूल, आम्ही उभे होतो ती भिंत, आणि भिंतीच्या आत…

पांढरं.

नुसतं पांढरं. स्वच्छ, धुतल्यासारखं. एक रेघ नाही.

आता काय सांगू तुम्हाला… दीड वर्षापूर्वी दादानं इथे घर नोंदवल्याचं कळलं तेव्हा मी ह्याच बाजूला गल्ल्या काढत होतो. वसाहतीच्या तेव्हाच्या गेटपर्यंत आलो होतो, मालाच्या गाड्यांसाठी होतं ते, आता ते बुजवून तिथे ही भिंत केलीये. आतल्या गल्ल्यांतून गड्यांची ये-जा चालू होती, अर्ध्या तासाचं काम. गेटमध्ये उभं राहून मी म्हटलं, सगळं जग काढीन, पण हे काढणार नाही. आणि मागे फिरलो. पुसलं काही नाही हं! तेवढं पाप आपल्या हातून होणार नाही. नुसतं काढलं नाही. नकाशा सगळ्यांचा आहे… एक घर सोडून.

बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "इथे पांढरं का?"

"ते… सर्व्हे व्हायचाय अजून."

"कुणाचा?"

"आमचा. म्हणजे… लोकांचा."

बाबांनी दोन बोटांनी नकाशा मोठा केला. लहान केला. सरकवत सरकवत आमच्या दुकानापर्यंत गेले. तिथे थांबले. बाकाशी थांबले. वाचलं, 'एक फळी नाही'. पुन्हा पांढऱ्यावर आले. आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवलं, दुकानात काचेच्या कडेवरून फिरवतात ना, अगदी तसं. म्हणाले, "चुकून राहिलेलं वेडंवाकडं राहतं. एवढी सरळ कड आपोआप येत नाही. हे कापलंय."

मी काचेच्या दोरीची गाठ तपासली.

"तू कापलंस?"

मी दुसरी गाठ तपासली.

ओरडले असते तर बरं झालं असतं हो. त्यांनी फोन परत दिला आणि म्हणाले, "काच भिंतीवरून देऊ."

मग काय! टेम्पो मागे घेऊन भिंतीला लावला. पलीकडे दादा आणि त्याच्याकडे जिना बसवणारा सुतार, सुतारानं आपलं काम करायचं मेज ओढून आणलं, दोघे त्यावर चढले. भिंतीवर घडी केलेलं ब्लँकेट टाकलं. बाबा दादाला सांगतायत, "घाई करू नकोस बेटा, जमेल तुला, तू हुशार आहेस," आणि मला सांगतायत, "हे तरी अर्ध्यात सोडू नकोस."

काच भिंतीवर उभी राहिली. ह्या बाजूनं मी धरलीये, त्या बाजूनं तो. मध्ये काच. आणि ऊन असं पडलं होतं की मला समोर दादाचा शर्ट दिसत होता, दादाचं घर दिसत होतं, दादाची गच्ची दिसत होती, आणि त्या शर्टाच्या वर, कॉलरमधून बाहेर आलेला… माझा चेहरा! आंबलेला! एक क्षण वाटलं, सोडावी. खरं सांगतो. नुसती बोटं ढिली करायची होती. पण त्या कडा बाबांनी तीन दिवस घासल्या होत्या. नाही सोडली.

काच गेली. अखंड. बाबा साठीचे, ती भिंत चढून गेले, मागोमाग मी, आणि त्यांनी काच जिन्याला बसवली.

आणि दादा बघा कसा! मला आत बसवलं, पाणी दिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "ऐक, ऑफिसात सांगू नकोस, पण मी तुझाच नकाशा वापरतो." मी म्हटलं, काय? "अरे रोज सकाळी पळायला जातो ना, त्यात पायवाटा आहेत, आमच्यात नाहीत. तो दवाखान्याबाहेरचा नळ, तिथे पाणी पितो मी. फक्त माझ्या घराभोवती सगळं रिकामं दिसतं, पहिली दहा मिनिटं मी पांढऱ्यातच पळत असतो. मला वाटलं, काहीतरी बिघाड असेल."

"हो," मी म्हटलं, "बिघाडच आहे."

चांगलं वागू नये हो माणसानं एवढं! जळायला काहीतरी जागा ठेवावी! म्हणजे… मी जळत नाही, पण समजा कुणाला जळायचंच असेल, तर त्यानं काय करायचं?

घरी आलो. म्हटलं बस झालं, काढू या ती वसाहत, अर्धा तास लागेल, दुपारीच उरकू. लॅपटॉप उघडला. नकाशा उघडला.

काढलेली!

अख्खी वसाहत! पुढचं गेट, तीन गोल, सगळ्या गल्ल्या, सहा स्पीडब्रेकर. आणि मागच्या भिंतीवर नोंद, 'इथून वाट नाही.' एकवीस मिनिटांपूर्वी. नवा सभासद, पहिलीच दुरुस्ती. नाव बघायची गरज होती का? तरी बघितलं. मी एकेक रेघ तपासली, तुम्हाला सांगतो, भिंग लावल्यासारखी तपासली, कुठेतरी चुकला असेल, कुठेतरी तर चुकला असेल… एक गल्ली दोन मीटर तिरकी होती! दोन मीटर! मी ती सरळ केली. काय आनंद झाला म्हणता!

आणि मग आठवलं. नवा माणूस. स्वागताचा निरोप.

मी उठलो. पाणी प्यायलो. येऊन बसलो. पुन्हा उठलो. शेवटी नियम तो नियम. 'स्वागत! नकाशा सगळ्यांचा आहे, आणि आजपासून तुमचाही. तुमच्यासारख्या माणसांमुळेच तो पूर्ण होतो.' पाठवला. उत्तर लगेच: एक अंगठा. चौदा माणसांनी मिळून केल्यासारखा गुळगुळीत अंगठा.

पण हे काहीच नाही. खरं ऐका.

आठ दिवसांनी दुकानात गेलो तर बाबा चष्मा कपाळावर चढवून फोनमध्ये डोकं घालून बसलेत. मला म्हणाले, "इकडे ये. आपल्या हुशारनं एक ॲप टाकून दिलंय. नवीन आहे."

बघितलं. आता तुम्हाला कसं सांगू… त्या उघड्या नकाशावर चालणारी ॲप्स पन्नास आहेत. रंग वेगळा, चित्र वेगळं, पण पोटात नकाशा तोच! मी म्हटलं, "बाबा, हे माझंच आहे!"

"तुझं नाही. तुझ्यात ते पांढरं भोक होतं." आणि बोटानं दाखवलं. "ह्यात बघ, सगळं आहे!"

मग सरकवत सरकवत आमच्या दुकानापर्यंत आणलं. म्हणाले, "स्पीडब्रेकरसुद्धा टाकलेत. हा बाक बघ, एक फळी नाही म्हणून लिहिलंय. केवढं बारीक काम केलंय रे कुणीतरी. बसून केलंय. अर्ध्यात सोडलेलं नाही."

'कुणीतरी' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही की सहज, ते मला अजून कळलेलं नाही. काच कापायचा हिरा उचलला, समोरच्या काचेवर सर्रकन सरळ रेघ ओढली, आणि पाठमोरे म्हणाले,

"चांगलं आहे. तूही टाकून घे."

…घेतलं.